लाल कोबी आणि सफरचंद : उत्तर युरोपच्या हिवाळ्यातील तोंडीलावणे

भाजीच्या दुकानात हिरव्या कोबीच्या राशीशेजारी ठेवलेला गर्द जांभळा गड्डा गोव्यातील ग्राहकाला आता अनोळखी राहिलेला नाही. त्याला आपण लाल कोबी म्हणतो. घरी आणल्यावर मात्र त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. बहुधा तो कच्चाच चिरून सॅलडमध्ये घातला जातो. कोणी हौसेने नेहमीप्रमाणे फोडणीला टाकून शिजवला, तर त्याचा रंग निळसर-राखी होतो आणि ताटातील त्या भाजीकडे कोणाचा हात लवकर वळत नाही.

ज्या प्रदेशांत हा कोबी पिढ्यान्‌पिढ्या शिजवला जातो, तेथे ही अडचण फार पूर्वीच सुटलेली आहे. जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स, बेल्जियमचा फ्लँडर्स भाग, पोलंडचा सायलेशिया प्रांत या पट्ट्यात लाल कोबी आंबट सफरचंद, व्हिनेगर, कांदा आणि लवंगेबरोबर झाकण ठेवून मंद आचेवर तासाभराहून अधिक वेळ शिजवतात. तयार होणारा पदार्थ गडद माणकासारखा लाल, आंबटगोड आणि चकचकीत असतो. मांसाच्या मुख्य पदार्थाशेजारी तो वाढतात, म्हणजे आपल्या भाषेत ते तोंडीलावणेच होय. या पदार्थात सफरचंद केवळ चवीपुरते येत नाही. कोबीचा रंग, रसाचा दाटपणा आणि चवीचा तोल या तिन्ही गोष्टी त्याच्यावर बऱ्याच प्रमाणात अवलंबून असतात. म्हणून या पदार्थाची कृती समजून घ्यायची तर प्रथम त्यातील आंबटपणाचे काम समजून घ्यावे लागते.

एकच कोबी, नावे मात्र लाल आणि निळी

उत्तर जर्मनीत या कोबीला ‘रोटकोल’ म्हणतात, म्हणजे लाल कोबी. जर्मनीच्या इतर काही भागांत ‘रोटक्राउट’ हे नाव चालते. त्याचाही अर्थ तोच. दक्षिणेकडे बव्हेरियात आणि ऑस्ट्रियाच्या काही भागांत गेल्यास मात्र तीच भाजी ‘ब्लाउक्राउट’ होते, म्हणजे निळा कोबी. हे नाव इतके रुळलेले आहे, की जर्मन मुलांच्या एका प्रसिद्ध जीभवळणीतही ते आले आहे. पोलंडच्या सायलेशियात या भाजीला ‘मोद्रा कापुस्ता’ म्हणतात. तेथील ‘मोद्रा’ या शब्दाचा अर्थही निळा असाच आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ‘रोडकोल’, नेदरलँड्समध्ये ‘रोडे कोल’ ही नावे पुन्हा लाल रंगाची आहेत.

या नावांमागचे कारण स्वयंपाकघरात शोधले जाते. उत्तरेकडे कोबीत व्हिनेगर आणि आंबट सफरचंद भरपूर पडत असे, त्यामुळे तो लाल होई; दक्षिणेकडे साखर अधिक आणि आंबट कमी पडे, म्हणून तो निळसर राही, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. आज बव्हेरियातही भाजीत व्हिनेगर आणि सफरचंद घालतात, ती शिजून लालच होते, तरी तिचे नाव निळेच राहिले आहे.

या सर्व नावांतील ‘कोल’ हा शब्द मराठीला अगदीच परका नाही. लॅटिनमधील ‘काउलिस’ म्हणजे देठ. त्यापासून जर्मन व डच ‘कोल’ आणि पोर्तुगीज ‘कोव’ हे शब्द आले. पोर्तुगीज ‘कोव’पासून आपला ‘कोबी’ आला आणि डच ‘क्नोलकोल’पासून ‘नवलकोल’. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हिरवा कोबी, लाल कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली या सर्व ‘ब्रासिका ओलेरासिया’ या एकाच जातीच्या भाज्या आहेत. शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवड करून कोणाचे पान, कोणाचा देठ, तर कोणाचे फूल वाढवले, एवढाच त्यांच्यातील फरक.

थंडीची बेगमी

कोबी आणि सफरचंद ही जोडी कशी जमली, याचे उत्तर तेथील हवामानात आहे. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरण्याची चाल आहे. आमसुले, चिंच, गूळ, कांदे, मिरच्या, सुके मासे हे सारे मे महिन्यात घरात येते, कारण पुढचे चार महिने बाजार आणि समुद्र यांचा भरवसा नसतो. उत्तर युरोपात अशी बेगमी हिवाळ्यासाठी करावी लागे. नोव्हेंबर ते मार्च या काळात जमीन गोठते आणि ताजी हिरवी भाजी जवळजवळ मिळत नाही. त्या महिन्यांत तळघरात जे टिके, तेच ताटात येई.

लाल कोबीचा गड्डा घट्ट विणीचा असतो. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानात, ओलसर हवेत तो कित्येक महिने राहतो. शरद ऋतूत उतरवलेली काही आंबट सफरचंदेही अशीच टिकतात. साठवणीत ती उलट थोडी गोड होतात. कांदे, व्हिनेगर आणि चरबी घरात असतच. म्हणजे या पदार्थाचे जवळजवळ सर्व साहित्य ऐन हिवाळ्यातही हाताशी असे.

यात एक पथ्य मात्र पाळावे लागे. पिकलेल्या सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. त्याच्या सान्निध्यात कोबीची पाने पिवळी पडतात आणि देठापासून सुटू लागतात. म्हणून साठवताना दोघांना वेगळे ठेवणे हिताचे. तळघरात ज्यांचे जमत नाही, ते पातेल्यात मात्र एकमेकांना सांभाळून घेतात. आपल्या शीतकपाटातही भाजीच्या खणात सफरचंदे आणि कोबी एकत्र ठेवू नयेत, ते याच कारणाने.

जर्मनीच्या नकाशावर पाहिल्यास हे दोन्ही जिन्नस पिकवणारे मोठे प्रदेश एकमेकांपासून फार दूर नाहीत. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यातील डिटमार्शेन हा उत्तर समुद्राकाठचा सपाट जिल्हा युरोपातील सर्वांत मोठ्या सलग कोबी-लागवडीच्या क्षेत्रांत गणला जातो. तेथील वेसेलबुरेन या गावाच्या परिसरात 1889 च्या सुमारास कोबीची व्यापारी लागवड सुरू झाली. समुद्रावरून येणारा वारा आणि गाळाची सुपीक जमीन कोबीला मानवते. आजही सप्टेंबरमध्ये तेथे कोबीच्या कापणीचा उत्सव होतो. तेथून दक्षिणेला, एल्बे नदीच्या काठी हॅम्बुर्गजवळ ‘आल्टेस लांट’ हा सफरचंदांच्या बागांचा प्रसिद्ध प्रदेश आहे.

रंगाचे रसायन

लाल कोबीचा रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि भोवतालच्या द्रावणाच्या आम्लतेनुसार रंग बदलतात. आंबट द्रावणात ती लाल दिसतात, उदासीन द्रावणात जांभळी, सौम्य अल्कलीत निळी. अल्कली वाढल्यास हिरवी आणि अखेर पिवळी होतात. घरी याचा पडताळा घेणे सोपे आहे. लाल कोबीची चार पाने गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून ते जांभळे पाणी दोन पेल्यांत ओतावे. एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. पहिला पेला गुलाबी होईल आणि दुसरा निळा-हिरवा. शाळेच्या प्रयोगशाळेत हे पाणी लिटमसच्या जागी वापरता येते, ते यामुळेच.

रंगद्रव्य एकच असूनही रंग वेगळे दिसू शकतात, हे प्रयोगाने दाखवणाऱ्यांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांचे नाव महत्त्वाचे आहे. लाल गुलाब आणि निळे कॉर्नफ्लॉवर या दोन्ही फुलांत मुळात एकच रंगद्रव्य असल्याचे त्यांनी दाखवले. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील संशोधनासाठी त्यांना 1915 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रंगद्रव्याचे नाव सायनिडिन. लाल कोबीतील रंगद्रव्ये याच सायनिडिनची रूपे आहेत.

कोकणी माणसाला ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक असते. रतांब्याच्या, म्हणजे भिंडांच्या सालीतील लाल रंगही सायनिडिनचाच आहे. कोकमाचे आगळ गर्द लाल असते, कारण ते अतिशय आंबट असते. तेच आगळ नारळाच्या रसात मिसळले, की सोलकढीला गुलाबी-जांभळी छटा येते. नारळाच्या रसाने आंबटपणा सौम्य होतो आणि रंग त्याप्रमाणे सरकतो. लाल कोबीच्या पातेल्यात घडते ते याहून फारसे निराळे नाही. फरक इतकाच, की कोकम स्वतःचे आम्ल बरोबर घेऊन येते, तर कोबीला ते बाहेरून पुरवावे लागते.

हा पुरवठा झाला नाही तर काय होते, ते सुरुवातीला सांगितलेच आहे. नळाचे किंवा विहिरीचे कठीण पाणी किंचित अल्कधर्मी असते, त्यात कोबी निळा पडतो. भाज्यांचा हिरवा रंग राखण्यासाठी काही जण सोडा घालतात, तो येथे मारकच ठरतो. लोखंडाच्या कढईतील लोहामुळेही रंग काळपट निळा होतो. शेवटी व्हिनेगर घातल्यास निळा पडलेला कोबी पुन्हा लालसर होतो हे खरे. पण आम्लाविना दीर्घकाळ उष्णता सोसलेली रंगद्रव्ये काही प्रमाणात नष्ट झालेली असतात, आणि गेलेला रंग पूर्णपणे परत येत नाही.

आंबट आधी घालण्याची किंमत

येथे या पदार्थातील खरी अडचण सुरू होते. डाळ शिजण्यापूर्वी चिंच घालू नये, हे आपल्याकडे प्रत्येक घरी शिकवतात. आम्लामुळे वनस्पतींच्या पेशीभित्ती लवकर सैल होत नाहीत. डाळ टणक राहते आणि भाजी कचकचीत. लाल कोबीलाही हाच नियम लागू आहे. आंबट आधी घातले तर रंग राहतो, पण कोबी मऊ व्हायला वेळ लागतो. आंबट शेवटी घातले तर कोबी लवकर शिजतो, पण रंग जातो. दोन्ही एका वेळी साधायचे तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वेळ देणे. या पदार्थाला सव्वा तास लागतो, त्याचे मुख्य कारण हे आहे. साधा हिरवा कोबी दहा-पंधरा मिनिटांत होतो, हा का होत नाही, असे वाटून जो घाई करतो, त्याच्या हाती अर्धकच्ची भाजी लागते.

सफरचंद या अडचणीतून वाट काढते. त्यातील मॅलिक आम्ल कोबीचा रंग राखण्यास मदत करते, त्यामुळे सारा भार व्हिनेगरवर पडत नाही. व्हिनेगर आणि साखर यांच्यामध्ये त्याची सौम्य गोडी येते, म्हणून चव टोकाची होत नाही. तासभर शिजल्यावर सफरचंदाच्या फोडी विरघळून जातात आणि त्यांतील पेक्टिनमुळे रस किंचित दाट होऊन कोबीच्या पात्यांना धरून राहतो. पदार्थावर दिसणारी चकाकी पेक्टिन, साखर आणि स्निग्धांश यांच्या मेळातून आलेली असते. म्हणूनच येथे गोड, पिठूळ सफरचंद चालत नाही. जर्मनीत ‘बोस्कोप’ ही जात यासाठी विशेष पसंत करतात. 1856 मध्ये नेदरलँड्समधील बोस्कोप या गावी सापडलेली ही खडबडीत सालीची सफरचंदाची जात चांगलीच आंबट असते आणि शिजल्यावर सहज गळते.

लवंग, दालचिनी आणि गोव्याची वाट

या भाजीचा गंध मात्र उत्तर युरोपचा नाही. लवंग, दालचिनी, मिरी आणि तमालपत्र यांपैकी पहिले तीन जिन्नस आशियातून गेलेले आहेत. आज ते तेथील कोणत्याही दुकानात मिळतात. सोळाव्या शतकात त्यांची वाट पोर्तुगीज जहाजांतून जात होती. लवंग मोलुक्का बेटांची, दालचिनी श्रीलंकेची आणि मिरी मलबारची. हा माल लिस्बनला पोहोचे आणि तेथून अँटवर्पच्या बाजारात जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती पडे. 1505 मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा यांच्या नेतृत्वाखाली लिस्बनहून भारताकडे निघालेल्या आरमारात वेल्सर, फुगर आदी जर्मन व्यापारी घराण्यांनीही भांडवल गुंतवले होते. पुढे 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि 1530 पासून तो त्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झाला.

पातेल्यात मसाला घालण्याची तेथील रीत नीटस आहे. कांदा सोलून त्यावर तमालपत्र ठेवतात आणि चार-पाच लवंगा खिळ्यांसारख्या टोचून ते बसवतात. हा कांदा भाजीत अखंड शिजतो आणि वाढण्यापूर्वी काढून टाकला जातो. त्यामुळे गंध उतरतो, पण लवंग दाताखाली येत नाही. आपण मसाल्याची पुरचुंडी सोडतो, तसाच हा प्रकार. जर्मनीत याबरोबर ज्युनिपर नावाच्या झुडपाची सुकवलेली काळसर फळेही घालतात. त्यांना राळेसारखा गंध असतो. ती नसल्यास काही बिघडत नाही.

प्रदेशागणिक बदलणारे रूप

जर्मनीत हा पदार्थ हिवाळ्यातील सणांशी जोडलेला आहे. 11 नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी आणि पुढे नाताळात भाजलेल्या हंसाबरोबर तो हमखास असतो. एरवी रविवारच्या जेवणात व्हिनेगरमध्ये काही दिवस मुरवलेले गोमांस, हरणाचे मांस किंवा बदक यांच्याशेजारी तो येतो आणि सोबत बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे असतात. मांस चरबीयुक्त आणि जड, गोळे सौम्य. या दोहोंमध्ये जिभेला जाग आणण्याचे काम लाल कोबी करतो. तेथे चरबीही बहुधा हंसाची किंवा डुकराची वापरतात.

डेन्मार्कमध्ये 24 डिसेंबरच्या रात्री भाजलेले बदक किंवा कुरकुरीत सालीचे डुकराचे मांस, साखरेच्या पाकात परतलेले बटाटे आणि लाल कोबी हे ठरलेले ताट असते. तेथे सफरचंदाऐवजी किंवा त्याच्या जोडीला रेडकरंट या लहान, लाल, आंबट फळांचा रस अथवा जेली घालतात. नेदरलँड्स आणि फ्लँडर्समध्ये सफरचंद आणि लवंग यांवर भर असतो. फ्रान्सच्या लिमूझँ भागात सफरचंदाच्या जागी चेस्टनट येते आणि पदार्थ गोडसर, पिठूळ होतो. सायलेशियात रविवारी दुपारी मांसाची गुंडाळी, मध्ये खळगा असलेले बटाट्याचे गोळे आणि ‘मोद्रा कापुस्ता’ असा बेत असतो. तेथे भाजीत खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे परतून घालतात.

या सर्व प्रकारांत चरबी बदलते, फळ बदलते, मसाला कमी-अधिक होतो; पण कोबी, आंबट आणि गोड हे त्रिकूट कायम राहते.

कृती

पुढील प्रमाण सहा माणसांना पुरेल. मांसाहारी चरबीऐवजी येथे लोणी घेतले आहे, तेलही चालते.

साहित्य : लाल कोबी 1 किलो; आंबट सफरचंदे 2 मोठी (सुमारे 400 ग्रॅम); कांदे 2 मध्यम; लोणी 40 ग्रॅम; साखर किंवा गूळ 2 मोठे चमचे; व्हिनेगर 5 मोठे चमचे; पाणी किंवा सफरचंदाचा रस 200 मिलिलिटर; मीठ दीड छोटा चमचा; लवंगा 5; तमालपत्र 1; दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा; मिरीचे दाणे 5-6.

1. कोबीची बाहेरची पाने काढून गड्ड्याचे चार भाग करावेत. मधला पांढरा दांडा कापून टाकावा आणि कोबी बारीक, लांब चिरावा. जाड चिरल्यास शिजायला फार वेळ लागतो.

2. चिरलेल्या कोबीवर मीठ, साखर आणि तीन चमचे व्हिनेगर घालून हाताने चांगले चोळावे. जांभळा रंग पाहता पाहता लाल होऊ लागतो. अर्धा तास झाकून ठेवावे. रात्रभर ठेवल्यास अधिक चांगले. या मुरवणीत कोबी पाणी सोडतो, ते फेकू नये. रंग आणि चव त्यातच उतरलेली असते.

3. एक कांदा बारीक चिरावा. दुसऱ्या कांद्यावर तमालपत्र ठेवून ते लवंगांनी टोचून बसवावे. सफरचंदे सोलून, बिया काढून पातळ फोडी कराव्यात.

4. जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात लोणी वितळवून चिरलेला कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा; तांबूस करू नये. त्यात सफरचंदाच्या फोडी घालून दोन मिनिटे परताव्यात. मग सुटलेल्या पाण्यासह कोबी घालून पाच मिनिटे हलवावे.

5. लवंगा टोचलेला कांदा, दालचिनी आणि मिरी घालावी. पाणी किंवा रस ओतावा. उकळी आली की आच अगदी मंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि एक तास ते सव्वा तास शिजवावे. दर पंधरा मिनिटांनी खालून वर हलवावे. भांडे कोरडे पडत असल्यास थोडे गरम पाणी घालावे. कोबी पाण्यात पोहता कामा नये.

6. कोबी मऊ झाला, सफरचंद विरघळले आणि तळाशी चमचाभर दाट रस उरला, की भाजी झाली. अखंड कांदा आणि दालचिनी काढावी. उरलेले दोन चमचे व्हिनेगर थोडे थोडे घालत चव पाहावी. उष्णतेने व्हिनेगरचा गंध उडून जातो, म्हणून थोडा वाटा शेवटासाठी राखून ठेवायचा. आंबट, गोड आणि खारट यांपैकी एकही चव इतरांवर चढता कामा नये.

प्रेशर कुकरमध्ये वेळ निम्म्याहून कमी होतो. पण आतला रस आटत नाही. म्हणून पाणी निम्मे घ्यावे आणि झाकण उघडल्यावर भाजी मोकळ्या आचेवर आटवावी.

गोव्याच्या स्वयंपाकघरात

गोव्यात या पदार्थासाठी एक जिन्नस युरोपपेक्षाही चांगला मिळतो, तो म्हणजे माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर. त्याचा आंबटपणा गोलसर असतो आणि त्याला स्वतःचा गंध असतो. बाजारातील पांढरे कृत्रिम व्हिनेगर वापरायचे असल्यास प्रमाण जपून घ्यावे, कारण त्याची चव धारदार असते. सफरचंद हिरवे, आंबट जातीचे मिळाले तर उत्तम. केवळ गोड लाल सफरचंदेच हाताशी असतील, तर साखर एक चमचा कमी करून एका लिंबाचा रस वाढवावा. अॅल्युमिनियमची भांडी आणि लोखंडी कढई टाळावी. आंबट पदार्थाशी त्यांचे जमत नाही. कल्हई उडालेले पितळेचे भांडे तर मुळीच वापरू नये. मातीचे भांडे चालते आणि मंद आचेला ते अनुकूलही असते.

आपल्या पानात या पदार्थाची जागा कोणती, हा प्रश्न मनोरंजक आहे. प्रमाणाने पाहिले तर तो उजव्या बाजूची भाजी आहे. काम मात्र तो डाव्या बाजूचे करतो, म्हणजे लोणच्याचे आणि रायत्याचे. गोव्यातील हिंदू घरांत आंब्याचे किंवा अननसाचे सासव जेवणात येते, त्याची येथे आठवण होते. फळ, गूळ आणि तिखट यांचे ते मिश्रण गोड पदार्थ मानले जात नाही. भाताबरोबर तोंडीलावणे म्हणूनच खाल्ले जाते. फळ शिजवून जेवणात घेणे ज्या जिभेला सवयीचे आहे, तिला सफरचंद घातलेली कोबीची भाजी परकी वाटू नये. भाजलेल्या कोंबडीबरोबर, बटाट्याच्या कोरड्या भाजीबरोबर किंवा नुसत्या चपातीबरोबरही ती चांगली लागते. सणावारी मांसाहार नसेल तर पनीर किंवा सुरणाच्या कापांबरोबर ती वाढता येईल.

एक शेवटची सूचना. जर्मन गृहिणी ही भाजी पुष्कळदा आदल्या दिवशीच करून ठेवतात. रात्रभरात मसाला आणि आंबट कोबीत पुरते मुरतात आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम केलेली भाजी ताज्या भाजीहून सरस लागते. आदल्या रात्रीची कडी सकाळी आटवून पावाबरोबर खाणाऱ्या गोमंतकीयाला हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. शीतकपाटात ही भाजी चार दिवस सहज राहते. घरी पाहुणे यायचे असल्यास आदल्या संध्याकाळी सव्वा तास काढावा; जेवणाच्या दिवशी ती फक्त गरम करायची उरते.